हात वर करून

२००६ साली आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी बाळ काणे मुदत संपायच्या आधीच सिडनीला निघून गेले आणि ऑकलंडच्या आम्हा चाळीसेक मराठी माणसांना पोटनिवडणूक लागली. उमेदवार दोन. एक वसुंधराताई, हॉस्पिटलात नर्स. आम्ही या देशात आलो तेव्हा महिनाभर त्यांनीच आम्हाला घरी ठेवून घेतलं होतं. दुसरे मोहनराव, फ्लॅट बुशमधल्या आमच्या भाड्याच्या घराचे मालक.

माझं मत ताईंनाच, यात प्रश्नच नव्हता. पण त्याच आठवड्यात मी लीज वाढवायचं विचारलं, तर मोहनराव म्हणाले, "मीटिंग होऊ दे, मग बोलू." झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या बायकोला, कांचनला सातवा महिना, आणि हा गृहस्थ मत बघून छप्पर देणार!

ईस्ट टामाकीच्या फॅक्टरीत माझ्या शेजारी इव्हान असायचा, मूळ वेल्सच्या घराण्यातला. त्याला सांगितलं तर तो हसला. त्याच्या खापरपणजोबांच्या खेड्यात पार्लमेंटची पोटनिवडणूक झाली होती. तेव्हा मत सगळ्यांदेखत तोंडाने सांगायचं. खापरपणजोबांनी जमीनदाराच्या विरुद्ध सांगितलं. वर्षाच्या आत शेतही गेलं, घरही गेलं.

"मग?"

"मग काय, न्यूझीलंडची बोट धरली. स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास!

काय मूर्ख खापरपणजोबा, मी मनात म्हटलं. आमच्या मंडळात मत द्यायला निदान गुप्त चिठ्ठ्या तरी होत्या.

मीटिंगला ताईच उठल्या. "चिठ्ठ्या कशाला? आपल्याच माणसांत कसली लपवाछपवी? हात वर करू या." मला त्यातही मोहनरावांचाच डाव दिसला. ताईंच्या नावाला माझे दोन्ही हात मांडीखाली होते. मोहनरावांच्या नावाला उजवा वर गेला. ताईंनी पाहिलं. ताई एका मताने हरल्या.

पार्किंगमध्ये मोहनरावांनी मला गाठलं. "सुधाकर, घर विकलंय मी. आधी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मतासाठी दबाव आणतोय. दोन महिने आहेत तुमच्याकडे."

मी गाडीला टेकून उभा राहिलो. मागून ताई आल्या. "ऐकलं मी. वरची खोली रिकामीच आहे रे. कांचनचं बाळंतपण आमच्याकडेच होऊ दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगतो, त्याच्याही आधी मनात आलं ते वेगळंच: निवडणूक तर संपली, मग आता यांना माझ्याकडून काय हवंय?