शांतवनकाकांच्या चोवीस फासळ्या

मी एक्स-रे बोलतोय. मंठ्याच्या शांतवनकाकांच्या छातीचा. आरंभी मी नुसता काळाकुट्ट अंधार होतो. मग "श्वास धरा" असं कुणीतरी म्हणालं, खट्ट झालं आणि माझ्यात उजेड पडला. जगाला सहा दिवस लागले म्हणतात. मला अर्धा सेकंद पुरला.

काका बकरीला पाला तोडायला कडुलिंबावर चढले होते, ते थेट उकिरड्यावर उतरले. दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्यानं मला दिव्यासमोर धरलं.

"काका, पेढे वाटा. एकबी फासळी मोडली न्हाई. दोन्हीकडं बराबर बारा-बारा."

काकांचं तोंड उतरलं. "एका अंगाला अकरा पाहिजे. देवानं आदामाची एक काढून हव्वा केली न्हाई का? पुन्हा मोज."

त्यानं पुन्हा मोजल्या. मी तरी काय करणार? लबाडी आम्हा एक्स-रे लोकांच्या अंगात नाही.

काकांचं दुखणं वेगळंच होतं. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलेलं, की गडीमाणसाला एक फासळी कमी असते. पवित्र शास्त्रात लिहिलंय तसंच, अक्षरन् अक्षर.

घरी कांताबाई भाकरी थापत होत्या. "काय निघालं वो?"

"समद्या जाग्यावर हायेत."

"देवाची कृपा!"

"कृपा कसली? माझी एकबी गेली न्हाई. मंग तू कुणाच्या फासळीची?"

चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला असं विचारू नये. कांताबाईंनी भाकर तव्यावर करपू दिली. "शोधून काढते अन् कळवते," म्हणाल्या, आणि पिशवी भरायला घेतली. उद्या सकाळच्या गाडीनं वाटूरला, बहीण झुंबरबाईकडं. झुंबरबाईकडं गेलेलं माणूस लवकर परतत नाही, हे काकांनाही ठाऊक होतं.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. मला कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगलं. शेजारचे तातेराव गुरुजी आपला जुना एक्स-रे घेऊन आले. तोही चोवीसचाच. संध्याकाळी दोरीवर आम्ही अकरा जण फडफडत होतो. ज्यांच्याकडं एक्स-रे नव्हता ते सदरे काढून रांगेत उभे राहिले. मच्छिंद्र हलवायाच्या फासळ्या तर तासभर चाचपूनही सापडल्या नाहीत. काका तेवढ्यावरच आशा लावून बसले.

शेवटी चर्चचे तरुण पाळकसाहेब आले. "काका, ती गोष्ट हाडांची न्हाई, नात्याची आहे. जग सहा दिवसांत झालं, तेही तसंच. सूर्य झाला चौथ्या दिवशी. मग आधीचे तीन दिवस कसे मोजले?"

"देवाजवळ घड्याळ न्हाई का?"

पाळकसाहेब चहा पिऊन गेले.

सकाळी कांताबाई खरोखरच निघाल्या. गाडी सुरू झाली तेव्हा काका एका हातानं बरगडी आणि दुसऱ्या हातानं मला धरून धापा टाकत आत चढले.

"कांता, रातभर इचार केला. चोवीस म्हंजी चोवीस. तू माझ्यातली न्हाईस."

सगळ्या गाडीच्या माना वळल्या.

"फासळीची असतीस तर तुला ऱ्हाणं भाग होतं. तू तर सोताची होतीस. तरीबी चाळीस वर्षं ऱ्हायलीस."

कांताबाईंनी पिशवी काकांच्या पायाशी सरकवली. मग म्हणाल्या, "पिशवी उचला. जड हाय."

"काका, फासळ्यांचं मिटलं असेल तर उतरा जल्दी," कंडक्टर म्हणाला.

आता पोरं रविवारी विचारतात, "काका, देवानं खरंच फासळी काढली का?" काका म्हणतात, "काढली. पण मोजू नका."

मी हल्ली त्यांच्या स्वयंपाकघराच्या फुटक्या तावदानात बसवलेला आहे. वारा अडवतो. सकाळचं ऊन माझ्यातून आत आलं, की काकांच्या फासळ्या उजेडाच्या होऊन कांताबाईंच्या पाठीवर पडतात. भाकरी थापताना त्या हलल्या की फासळ्याही हलतात. दोघांनाही हे माहीत नाही. एवढी विनंती, तुम्हीही सांगू नका.