अलिपिओला न ऐकू आलेला आवाज

अलिपिओ बकासेनच्या गॅरेजला पाटी नव्हती. अबातान गावाच्या वरच्या वळणावर जुन्या टायरांची उतरंड दिसली की ड्रायव्हर गाडी आत घालत. तीस वर्षं तो डोंगरातले भाजीचे ट्रक दुरुस्त करत आला होता, आणि त्याचं नाव झालं होतं ते कानामुळे. इंजिन खोलायच्या आधी तो ऐकायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह ढिला आहे," म्हणायचा, आणि खोलल्यावर तिसऱ्याचाच निघायचा.

गेली दोन वर्षं हाच कान त्याला दगा देत होता आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

आधी पाखरं गेली. मग मोबाइलची रिंग गेली. इंजिनाची धडधड, ठोके, जाडेभरडे आवाज अजून नीट यायचे, पण बारीक, टोकदार आवाज कुणी कात्रीने कापून न्यावेत तसे नाहीसे झाले होते. तो निभावून नेत होता. गिऱ्हाईक तोंडाने आवाजाची नक्कल करायचं, त्यावरून हा अंदाज बांधायचा. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

मंगळवारी सकाळी देल्फिना तिचा ट्रक घेऊन आली. ट्रक मूळ सासऱ्याचा, वयाने तिच्याहून फार लहान नव्हता. नवरा तैवानच्या कारखान्यात असल्यामुळे पाच वर्षं तीच चालवत होती. मागे गाजरांची पोती, आणि पोत्यांवर ताडपत्री अंगाभोवती ओढून बसलेल्या गावातल्या पाच बायका. खाली बागिओ शहरातल्या इस्पितळात कुणाची तरी सून बाळंत झाली होती, तिला बघायला निघालेल्या.

"मनोंग, जरा ऐका हो याचं," देल्फिना उडी मारून उतरली. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला मनोंग म्हणायची. "कालपासून आत कोंबडीचं पिल्लू ओरडल्यासारखं ओरडतंय. चिंव, चिंव. ब्रेक दाबला की जास्तच."

"लवकर शोधा बरं का," वरून एक बाई म्हणाली. "नाहीतर आम्ही पोचेपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल."

अलिपिओ हसला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवून डोळे मिटले. धडधड आली. टॅपेटची टकटक आली. पंख्याचा वारा आला.

"आता. हे बघा, आता ओरडलं," देल्फिना म्हणाली.

त्याला काहीच ऐकू आलं नाही.

त्याने टोक दुसरीकडे टेकवलं, मग तिसरीकडे. "आत्ता तर केवढ्यानं ओरडतंय," वरची बाई म्हणाली. सहा बायकांना जे ऐकू येत होतं ते त्याला, ज्याच्याकडे लोक चाळीस चाळीस किलोमीटरवरून येत त्याला, ऐकू येत नव्हतं. मान वर करून 'मला येत नाही ऐकू' म्हणायला एक क्षण पुरला असता. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे रिकामं गॅरेज उभं राहिलं.

"बेल्ट आहे," तो म्हणाला. "ढिला पडलाय. घासतोय."

त्याने हात आत घालून अल्टरनेटर सरकवला, बेल्ट ताणला, बोल्ट आवळला. देल्फिनाने इंजिन दोनदा फुरफुरवलं आणि मान तिरकी करून ऐकलं.

"कमी झालाय का?" तिने वर विचारलं.

"झालाय बहुतेक," बायका म्हणाल्या. त्यांना निघायची घाई होती.

"नक्की ना, मनोंग? पुढे अतोकच्या घाटाचा उतार आहे."

"मी सांगतोय ना," अलिपिओ म्हणाला. "जा बिनधास्त."

ट्रक गेला. अलिपिओ दुसऱ्या एका गाडीचा रेडिएटर उतरवायला बसला. अर्ध्या तासाने त्याची बायको कोन्सोर्सिया कॉफी आणि उकडलेली रताळी घेऊन आली, तेव्हा त्याने हात पुढे केला.

"आधी धू तरी ते. रेडिएटरला कधीपासून ऑइल लागायला लागलं?"

"रेडिएटरचं नाही. देल्फिनाचा बेल्ट ताणला."

"बेल्ट ताणायला मनगटापर्यंत काळं? मागच्या वेळी तर बोटंसुद्धा भरली नव्हती."

ती सहज बोलून गेली. अलिपिओने हाताकडे पाहिलं. ऑइल ताजं होतं, पातळ होतं, आणि तळहातापेक्षा मनगटाच्या मागच्या बाजूला जास्त होतं. हात अल्टरनेटरच्या मागून घातला होता. त्या ट्रकला तिथे, अल्टरनेटरच्याच पाठीवर, एक छोटा पंप असतो. तो हवा ओढतो, आणि त्या ओढीवर ब्रेकला जोर मिळतो. त्या पंपाला ऑइल पुरवणारी नळी बोटाएवढी बारीक. नळी चिरली की ऑइल बाहेर पडतं, पंप आतून कोरडा पडतो, आणि कोरडा पंप ओरडतो. चिंव, चिंव. ब्रेक दाबला की जास्त, कारण ब्रेक दाबला की त्याला काम लागतं.

तिने सांगितलं होतं. पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

"काय झालं?" कोन्सोर्सियाने विचारलं. "तोंड का असं पांढरं पडलंय?"

"फोन लाव देल्फिनाला. सारखी लावत राहा," असं म्हणून त्याने मोटरसायकल बाहेर काढलीसुद्धा. स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला होता, तो त्याने कमरेला खोचला.

रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. एका अंगाला कापलेली दरड, दुसऱ्या अंगाला कोबीचे वाफे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत धुक्यात बुडालेले. त्या दिवशी धुकं रस्त्यावरच चढून आलं होतं. अलिपिओ हिशेब करत होता. भरलेला ट्रक, चढ, म्हणजे ती हळू जाणार. चढावर ब्रेक लागत नाही. पण अतोकचा माथा ओलांडला की पुढे नुसता उतार, आणि पंप बसला की ब्रेकमध्ये उरलेला जोर दोन-तीन दाबांत संपतो. मग पायाखाली लाकडाचा ओंडका असल्यासारखा ब्रेक.

एका वळणावर मागून बस एवढी अंगाशी आली की तिचा आरसा त्याच्या खांद्याला चाटून गेला. ड्रायव्हर खिडकीतून हात नाचवत काहीतरी ओरडत होता. हॉर्न तो कधीचा वाजवत असणार. वाऱ्याच्या घोंगावण्यात अलिपिओला तो ऐकूच आला नव्हता. त्याला वाटलं थांबावं, कडेला बसावं. मग ताडपत्री ओढून बसलेल्या बायका आठवल्या आणि त्याने तसाच गिअर टाकला. त्यानंतर प्रत्येक वळणावर तो मान वळवून मागे बघत राहिला, आणि मागे बघितलं की पुढचं दिसत नव्हतं.

माथ्यावर ट्रक नव्हता. कॉफीच्या टपरीवाल्याने हाताने खालची दिशा दाखवली आणि पाच बोटं उंचावली. पाच मिनिटं.

दुसऱ्याच वळणाखाली धुक्यात त्याला तिचे मागचे लाल दिवे दिसले. ते पेटलेले होते आणि विझत नव्हते. उतारावर कुणी ब्रेक असा दाबून धरत नाही. दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. दिवे पेटलेले होते आणि तरी ट्रक पुढे पुढेच जात होता.

पोत्यांवरच्या बायका ताडपत्रीला धरून होत्या. एकीने दुसरीचा हात धरला होता. अलिपिओला बघून ती काहीतरी ओरडली. तिचं तोंड हललेलं त्याला दिसलं, एवढंच.

त्याने गाडी ड्रायव्हरच्या दाराशी नेली. देल्फिना जवळजवळ उभी होती, दोन्ही पाय ब्रेकवर, पाठ सीटला रेटलेली. चेहऱ्यावर घाम. शेजारच्या सीटवर पडलेला फोन उजळत होता, विझत होता.

"दगड झालाय त्याचा," ती ओरडली. हे त्याला कळलं, कारण ती त्याच्याकडे बघून ओरडली होती. "मनोंग, दगड."

"दुसरा टाक. दुसऱ्या गिअरमध्ये आण."

"आहे दुसऱ्यातच."

"हँडब्रेक?"

"धूर येतोय त्याचा."

पुढे काय आहे हे त्याला पाठ होतं. अर्धा किलोमीटर सरळ उतार, मग घोड्याच्या नालासारखं वळण, वळणाबाहेर काही नाही. पण वळणाच्या आधी उजव्या हाताला गाजरं धुवायच्या हौदांकडे जाणारी कच्ची वाट वर चढते. खडी चढण आहे, ट्रक कसाबसा मावतो.

"माझ्या मागे ये," तो ओरडला. "मी वळलो की वळ. विचार करू नकोस."

तो पुढे गेला. ट्रकची धडधड त्याला पाठीत जाणवत होती, कानांपेक्षा जास्त कण्यात. समोरून एखादी गाडी आली तर काय करायचं हे त्याने मुद्दाम मनात येऊ दिलं नाही. वाट दिसली तशी त्याने हँडल फिरवलं, खडीवर चाक घसरलं, आणि तो मोटरसायकलसकट हौदाच्या कठड्याजवळ जाऊन आडवा झाला. मागून ट्रक वळला. एक बाजू दरडीला घासत, पोती उधळत, बायका एकमेकींवर कोसळत तो चढ चढला, चढता चढता मंदावला, थांबला. आणि मग मागे सरकायला लागला.

अलिपिओ उठून धावला. हौदाच्या कडेचा दगड त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या चाकाखाली लोटला. चाक दगडावर अर्धं चढलं. तो तिथेच गुडघ्यांवर होता, चाक त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्याला हलता येईना. मग चाक परत खाली बसलं आणि स्थिर राहिलं.

बायका एकेक करून उतरल्या. एकीचं मनगट मुरगळलं होतं, एकीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. एक जण हौदाशी जाऊन ओकली. देल्फिना दार उघडून फुटबोर्डवरच बसली.

"तुम्ही का आलात मागे?" तिने विचारलं.

"पंप आहे. ब्रेकचा. बेल्ट नव्हताच."

"सकाळी ऐकू आलं नव्हतं?"

अलिपिओने उत्तर द्यायला तोंड उघडलं. खोटं तयारच होतं जिभेवर, दोन वर्षांच्या सवयीचं.

"नाही," तो म्हणाला. "मला बारीक आवाज येतच नाहीत. दोन वर्षं झाली."

देल्फिना त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तुम्ही म्हणालात, जा बिनधास्त."

"म्हणालो."

"वर पाच जणी होत्या, मनोंग. माझी दोन पोरं घरी आहेत." ती ओरडली नाही, त्यामुळे त्याला मान वर करता आली नाही. "येत नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं? मी ऐकून सांगितलं असतं. मी तर सांगतच होते."

टेंगूळ आलेली बाई म्हणाली, "बकासेन, तुझ्या आईला मी ओळखत होते. बरं झालं ती नाही हे बघायला."

थोड्या वेळाने देल्फिना उठली. "पंपच आहे हे तरी नक्की आहे का? की तेही अंदाजाने?"

प्रश्न रास्त होता. "आता चालू कर," तो म्हणाला. "एकदाच."

चारही चाकांना दगड लावून तिने इंजिन चालू केलं. अलिपिओने कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढून पंपावर टेकवला. मूठ कानाकडे नेली, थांबला, आणि ती दातांत धरली.

जबडा झणझणला. धडधडीच्या खाली, तिच्याहून वेगळं, वाळू दळल्यासारखं काहीतरी दाढांतून डोक्यात शिरलं. मधेच अडकत होतं, मधेच सुटत होतं. ऐकण्यासारखंच, पण हाडाने. त्याने टोक अल्टरनेटरच्या पुढच्या अंगाला लावलं, तिथे ते मंद झालं. परत पंपावर, परत दळण. त्याला आनंद झाला नाही. हे सकाळी दोन मिनिटांत झालं असतं, फक्त सगळ्यांसमोर मूठ दातांत धरावी लागली असती.

"बंद कर," त्याने हात केला. मग बोटाने नळी चाचपली आणि चीर तिला दाखवली. "इथून. पंप गेला. नवा बागिओतच मिळेल. तोवर हा हलणार नाही."

रस्त्यावरून जाणाऱ्या एका भाजीच्या ट्रकने बायकांना आणि गाजरांना घेतलं. त्याच ट्रकमधून देल्फिनाही पंप आणायला जाऊ शकली असती, पण पुढे जागा नव्हती, आणि वर पोत्यांवर बसायला तिने साफ नकार दिला. "आज नाही," ती म्हणाली. "आज उतारावर कुणाच्या ट्रकवर नाही बसणार मी."

अलिपिओने मोटरसायकल उभी केली. हँडल वाकडं झालं होतं, पण चालत होती.

"मी नेतो," तो म्हणाला. "हळू जाऊ. पण मागून गाडी आली तर मला कळत नाही. तुला सांगावं लागेल."

देल्फिनाने खालच्या वळणाकडे पाहिलं. मग तिने शालीची गाठ घट्ट केली आणि मागे बसली.

"डाव्या खांद्यावर थाप मारली की गाडी आली," ती त्याच्या कानाशी, मोठ्याने म्हणाली. "दोनदा मारली की थांबायचं. विचारायचं नाही का ते."

पहिल्या वळणाआधीच तिची थाप पडली. अलिपिओने गाडी कडेला घेतली, आणि एक बस शेजारून निघून गेली.