नावं संपेपर्यंत बघा

कुवाबारासान माझ्या सलूनमध्ये केस कापायला येतात असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप आहे. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं राहिलंय काय? कानांच्या वर दोन पट्टे आणि मागे एक झालर. मी दहा मिनिटांत मोकळी होते. पण जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत ते तासभर खुर्ची अडवून बसतात, कारण तेव्हा नव्या ॲनिमे मालिका सुरू झालेल्या असतात आणि त्यातल्या कोणत्या बघाव्या, कोणत्या सोडाव्या, हे त्यांना मला सांगायचं असतं.

अडुसष्ट वर्षांचा माणूस. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नळांच्या गळतीचे अहवाल लिहिले आणि आता दिवसभर फोनवर कार्टून बघतो. माझ्या आरशाशेजारी त्यांच्या हातची यादी चिकटवलेली असते. शाळेच्या पोरी तिचा फोटो काढून नेतात, टोफूवाल्याची बायको केस रंगवताना ती वाचून दाखवायला सांगते. आमच्या कामी-इगुसा वस्तीत गल्लोगल्ली ॲनिमेचे स्टुडिओ आहेत, पण मत विचारायचं ते कुवाबारासानना.

"या मोसमात एकेचाळीस आहेत," ऑक्टोबरात खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "त्यातल्या अकरांत माणूस मरतो आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो."

"आणि तिथे जाऊन करतो काय?"

"बहुतेक स्वयंपाक."

"इथेच केला असता तर बायको खूश झाली असती."

ते हसले. "तुम्ही ती दीपस्तंभाची बघा, नागासेसान. बेटावर एक मुलगी आणि तिचा आजोबा. फार काही घडत नाही, पण समुद्र असा काढलाय की खारट वास येतो. तीन भाग तरी बघा, लगेच सोडू नका. आणि..."

"नावं संपेपर्यंत बघा," मीच वाक्य पुरं केलं.

"हो. ते ॲप चावट आहे. शेवटी काम करणाऱ्यांची नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात ढकलतं आणि पाच सेकंदांत पुढचा भाग लावून देतं. लगेच बटण दाबायचं."

गिऱ्हाइकांना ही म्हाताऱ्याची लहर वाटते. मला मात्र ठाऊक आहे. या माणसाला मालिकांशी सुरुवातीला काडीचं देणंघेणं नव्हतं. तो शेवटच्या नावांत आपली मुलगी शोधत होता.

साया त्यांची एकुलती एक. तिची आई किनुए माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती गेल्यावर वर्षभरात सायानं बँकेतली नोकरी सोडली आणि ॲनिमेत जाते म्हणाली. तिथे नव्या माणसाला मधली चित्रं भरायला बसवतात. म्हणजे एका चित्रात हात खाली, दुसऱ्यात हात वर, तर मधले सगळे हात हिनं काढायचे, रोज मान मोडेपर्यंत. कुवाबारासान भडकले. म्हणाले, "आणि मिळणार काय? शेवटी मुंगीएवढं नाव. ती नावं वाचतं कोण?" साया दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेली, महिन्याभरात फोन नंबरही बदलला. त्याला चार वर्षं झाली.

"या कामात दहातली आठ पोरं तीन वर्षांत पळतात," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "स्टुडिओच्या दारात जाऊन विचारू काय? माझी मुलगी टिकली का, असं? कुठल्या तोंडानं विचारू?" म्हणून ते दर मोसमाला सगळ्याच्या सगळ्या मालिका बघत. मधली चित्रं भरणाऱ्यांची नावं अगदी खालच्या ओळींत असतात. फोन डोळ्यांशी नेऊन ते त्या ओळी तपासत आणि त्यांत कुवाबाराचं पहिलं अक्षर, तुतीच्या झाडाचं, शोधत. चार वर्षांत एकदाही सापडलं नव्हतं. अलीकडे तर ते तिचं नावच काढत नसत, नुसती यादी देत.

आता माझा कबुलीजबाब. मी त्यांच्या यादीतली एकही मालिका कधी बघितली नव्हती. ते विचारायचे, मी "छान होती" म्हणायचे आणि कात्री चालवायचे. पण त्या मंगळवारी सलून बंद होतं, माझी कंबर धरली होती आणि पडल्या पडल्या दुसरा उद्योग नव्हता. म्हटलं, बघू तरी खारट वास येतो का.

आला. आजोबा दिव्याची काच पुसतो आणि नात मागे उभी राहून त्याची लटपटणारी शिडी धरते, त्याला कळूसुद्धा न देता. मी एकटी पडल्या पडल्या रडले. मग नावं सुरू झाली. माझी बोटं काही त्यांच्याइतकी चपळ नाहीत, पण बटण वेळेवर दाबलं गेलं आणि पडदा थांबला. मी मोठ्या अक्षरांची वरची ओळ वाचली, कारण माझ्या चष्म्याला तेवढीच वाचता येते. तिथे लिहिलं होतं, मिशिना साया.

मिशिना हे किनुएचं माहेरचं नाव. आणि साया लिहिलं होतं वाळूचं.

ही वाळूची भानगड आमच्या घरोब्यातला जुना विनोद आहे. किनुएच्या नावात रेशीम, कुवाबारा म्हणजे तुतीचं रान, तेव्हा मुलीच्या नावातही रेशमाचं अक्षर हवं, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं. आमच्यात एकच उच्चार वेगवेगळ्या चित्राक्षरांनी लिहिता येतो, आणि रेशमाचं ते अक्षर डावीकडे धाग्याच्या खुणेनं सुरू होतं. कुवाबारासान दोन रात्रींचं जागरण करून वॉर्डाच्या कचेरीत गेले आणि अर्जावर धाग्याच्या जागी पाण्याची खूण, तीन थेंब, काढून आले. खात्यात दिवसभर पाण्याचीच अक्षरं लिहायची सवय, हाताला दुसरं येणार काय? उच्चार तोच राहिला, पण रेशमाची वाळू झाली. त्यात त्या दोन अक्षरांचा मिळून अर्थ होतो श्रामणेर, मठातला मुंडण केलेला पोरगा. किनुए मला म्हणायची, "नऊ महिने मी वाढवलं आणि यानं एका मिनिटात तिला गोटा करून ठेवलं." कागदोपत्री ती वाळूच राहिली. घरात, दप्तरावर, रुमालांवर किनुएनं मरेपर्यंत रेशीमच लिहिलं, आणि कुवाबारासान दर वाढदिवसाला मान खाली घालून बोलणी खात.

मी त्यांना फोन लावला. "केस कापायला या."

"अहो, परवाच तर कापलेत."

"एक बाजू राहिलीय."

"आज मंगळवार. तुमचं बंद असतं."

"या म्हणते ना."

ते आले. मी सवयीनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फोन आरशाला टेकवून ठेवला आणि तो पडदा लावला. "वाचा."

त्यांनी खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. "हा पहिला भाग. बघितलाय मी. कुवाबारा नाही यात."

"तुती नका शोधू. आणि खाली नका बघू. वर बघा."

"वर कशाला? वर मुख्य चित्रकार असतात. मूळ चित्रं काढणारे. तिथे पोचायला..."

बोलता बोलता त्यांचं बोट वर गेलं आणि थांबलं. ते "मिशिना" म्हणाले, अगदी हळू, जसं लग्नाआधी किनुएला म्हणत असतील. मग त्यांनी चष्मा काढला, कापडाला पुसला, परत लावला.

"नागासेसान, हे तीन थेंब," ते म्हणाले. "हे माझे आहेत."

"मग दुसऱ्या कुणाचे असणार?"

"तिला रेशीम लिहिता आलं असतं. पडद्यावर कुणीही काहीही लिहितं. हिनं माझी चूक घेतली."

आईचं आडनाव आणि बापाची चूक, एवढं घेऊन पोरगी निघाली होती आणि चार वर्षांत वरच्या ओळीत जाऊन बसली होती. हा शहाणा मात्र तिला खाली शोधत होता. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही लपवायला मी त्यांची झालर विंचरू लागले.

"रडू नका, कापडावर डाग पडतील," मी म्हटलं.

"पाण्याचे डाग पडत नाहीत," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं तेच खातं होतं माझं."

मग त्यांनी पोस्टकार्ड मागितलं. गिऱ्हाइकांना सुट्ट्या कळवायला मी गठ्ठा आणून ठेवते, त्यातलं एक दिलं. स्टुडिओचा पत्ता फोनवर सापडला. आमच्या स्टेशनापासून दोनच स्टेशनं पुढे. पत्ता लिहून झाला, खाली मिशिना लिहिलं. साया लिहिताना त्यांचा हात जरा थांबला, किनुए बघत असावी तसा. मग त्यांनी एकेक करून तीन थेंब काढले, या वेळी पूर्ण जागे असताना.

त्यांनी कार्ड उलटं केलं. मला वाटलं, आता मोठं क्षमापत्र होणार, मला दुसरं कार्ड द्यावं लागणार. पण त्यांनी मधोमध फक्त दोन शब्द लिहिले आणि खाली 'बाबा'.

"एवढंच?" मी विचारलं.

"तिनं विचारलेलं नाही काही. ती नावं वाचतं कोण, असं मीच विचारलं होतं," ते म्हणाले. "उत्तर मीच द्यायला हवं."

शाई वाळायची वाट न बघता ते उठले आणि कोपऱ्यावरच्या पेटीकडे चालू लागले, गळ्याभोवती माझं कापड तसंच घेऊन. मी त्यांना हाक मारली नाही. कार्डावर लिहिलेलं मी आरशात उलटं वाचलं होतं. 'मी वाचतो.'