समोरून आलेलं वाक्य

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात नट पाठांतर करत नाई, हे तुम्हाले पहिलेच सांगून ठेवतो. स्टेजच्या पुढे एक खड्डा असते. त्यात मी बसतो, पोचू मडावी, कंपनीचा प्रॉम्प्टर. मी हळूच वाक्य देतो, वरचा नट छाती फुगवून तेच ओरडते, आन् चार गावचे लोक टाळ्या त्याले देते. नट कसला, पोपट! पोपट तरी कधीमधी आपल्या मनानं शिटी मारते.

माझी भाची करिश्मा याच कंपनीत बारके रोल करे. आवाज असा, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची झोप उडे. पण यंदा कंपनीवाल्यानं नागपूरची गोरी हिरोईन आणली आन् हिले घरी बसवलं. आमच्याकडे घरी बसणं म्हणजे घरी बसणं नसते. तिची माय, माझी बहीण सोनीबाई, दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायले जाते, अर्धं गाव जाते. आता करिश्मालेही तिच्यासोबत जावं लागणार होतं. तेवढ्यात वाघाच्या जंगलाच्या मोहर्ली गेटजवळच्या एका रिसॉर्टात रिसेप्शनवर जागा निघाली. मुलगी गावचीच घेऊ, असं रिसॉर्टवाल्यानं ग्रामसभेत कबूल केलं होतं. जागा एकच.

"मामा, हे नोकरी भेटली तर मी मिरचीले जात नाई," करिश्मा म्हणे. बस, तेवढंच मागणं होतं पोट्टीचं.

मुलाखतीच्या आधी रिसॉर्टनं चंद्रपूरहून एक प्रफुल्ल सर धाडले. इंप्रेशन कसं पाडाचं ते शिकवाले. त्यानं ग्रामपंचायतीच्या हॉलात पोरींले ओळीनं उभं केलं आन् हसायले शिकवलं! आमच्या पोरी आजवर हसत नव्हत्या का बावा? नाई म्हणे, तुमचं हसू चुकीचं आहे. दात दिसले पाहिजे, हिरड्या नाई. हात असा मिळवाचा, नजर अशी ठेवाची, खुर्चीत असं बसाचं. डोक्याले तेल कमी लावा. 'मले' म्हणू नका, 'मला' म्हणा. अरे मंग पोरीत पोरगी राहिली किती? आन् स्वतः सर कसे? तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन दात काळे कुट्ट, शर्टाचं बटन पोटावर जीव सोडून राह्यलं. आपलं ठेवाचं झाकून आन् दुसऱ्याचं पाहाचं वाकून, असा सगळा कारभार.

सरनं एक पान इंग्रजी लिहून दिलं, मायसेल्फ अमुक, माय हॉबी तमुक. रोज संध्याकाळी करिश्मा अंगणात उभी राहे आन् मी समोर बसून हळूहळू वाक्य देत जाई. दुसरी रीत तिले येतच नव्हती. समोरून हळू आवाज आला, की तिच्या तोंडातून तो मोठा होऊन निघे. मध्ये डोक्याचं कामच नाई. कंपनीत सगळे असेच.

मुलाखतीच्या दिवशी मी तिले गाडीवर बसवून नेलं. रिसॉर्टच्या व्हरांड्यात पोरी ओळीनं बसल्या होत्या, सगळ्यायच्या तोंडाले एकच पावडर, सगळ्यायचं एकच हसू. आमच्या गल्लीतली रीनाही होती, मायची नवी साडी नेसून. सकाळपासून बसल्या, पण पाण्याचा गिलास कोणी विचारला नाई. आमच्या गावात वाट चुकलेल्या माणसालेही आधी पाणी देते, मंग नाव विचारते. इथी मोठे आले पाहुणचार शिकवणारे!

करिश्माचं नाव आलं. मी उठून खिडकीपाशी गेलो. आत टेबलामागे रिसॉर्टचा मॅनेजर, गळ्यात टाय. जंगलात टाय! कोणासाठी बावा, अस्वलासाठी? आन् त्याच्या बाजूले कोण, तर आपले प्रफुल्ल सर. शिकवणारा तोच, तपासणारा तोच.

करिश्मानं हात मिळवला, शिकवलं तशी बसली, दात दाखवले. सुरू झाली, मायसेल्फ करिश्मा. गाडी बरोबर चालली होती. पण हॉबीजवर आली आन् अटकली. पुढचं वाक्य गेलं ते गेलंच.

 मॅनेजरनं जांभई दिली. मी खिडकीतून वाक्य देणार, तेवढ्यात प्रफुल्ल सर मॅनेजरच्या कानाशी झुकले आन् हळूच कुजबुजले. मीही ऐकलं. करिश्मानं तर ऐकलंच, तिचा कान त्याच कामावर तयार झालेला. समोरून, हळू आवाजात वाक्य आलं. झालं! पोट्टी खुर्चीतून उठली, एक पाय पुढे टाकला, हात लांबवला, आन् जत्रेतल्या लोकायले ऐकू जाईन अशा आवाजात बोलली,

"हिला गोड बोलून कटवा सर! जागा तर मालकांच्या मेहुणीच्या पोरीला दिलीच आहे!"

व्हरांड्यातल्या सगळ्या पोरी ताडकन उभ्या झाल्या. करिश्माचं तोंड पांढरं पडलं. आपण काय बोललो, हे तिले आता समजून राह्यलं होतं. प्रफुल्ल सरचं तोंड उघडं ते उघडंच. काय देखणं ध्यान दिसून राह्यलं होतं, तुम्हाले सांगतो! जिंदगीत इतके नट पाहिले, पण असा चेहरा कोणाले जमला नाई.

"मंग आम्हाले सकाळपासून काऊन बसवलं जी?" रीना दारातून ओरडली. "सरपंचाले लावते मी फोन. ग्रामसभेत काय बोलले होते तुम्ही?"

मॅनेजर टाय सावरत बाहेर आला. आन् हसला! दात दिसले, हिरड्या नाई. अबे, मी मनात म्हटलं, आता तू देऊन राह्यला मुलाखत. दे, दे.

"ताई, अहो, ते आमचं आपसातलं होतं, गंमत," तो करिश्माकडे वळून म्हणाला. "काय आवाज आहे तुमचा! काय कॉन्फिडन्स! अशीच मुलगी पाहिजे होती आम्हाला. जागा तुमचीच. फक्त जरा या सगळ्यांना शांत करा."

माझ्या अंगात वीज आली. हाच सीन! पोरी दारात, मॅनेजर हात जोडून, करिश्मा मधात. असा मोका नटाले जन्मात एकदा भेटते. मी खिडकीतून वाक्य दिलं, नेहमीच्या आवाजात, अगदी साफ. "थुंकते मी तुमच्या खुर्चीवर."

तिनं ऐकलं. तिची मान माझ्याकडे वळली, म्हणजे ऐकलंच. मंग तिनं मान परत फिरवली.

"ड्युटी कोणत्या तारखेपासून आहे सर?" तिनं विचारलं. "आन् लेखी द्या. आत्ताच."

मॅनेजर कागद आणाले आत पळाला. रीनानं तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आन् म्हणाली, "कर बाई, कर नोकरी." सरपंचाले काही फोन लागला नाई. पोरी एकेक करून निघून गेल्या. मले तर अशी शरम वाटली, की गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

परतताना अर्ध्या रस्त्यात मी गाडी थांबवली. गप्प बसवतच नव्हतं.

"एवढं वाक्य दिलं तुले, काऊन नाई बोलली? थू तुझ्या जिंदगीवर! गावानं डोक्यावर घेऊन नाचवलं असतं तुले."

ती मागच्या सीटवर कागद पोटाशी धरून बसली होती. रडत नव्हती, चिडलीही नव्हती.

"नाचवलं असतं मामा. मंग गाव आपापल्या घरी गेलं असतं, आन् मी मायसोबत मिरचीले." तिनं कागदाची घडी केली. "तिकडून आली की तिच्या बोटायची इतकी आग होते, की स्वतःच्या हातानं जेवता येत नाई तिले. घास मी भरवते. तुमची तर सख्खी बहीण आहे ते. एवढ्या वर्षांत तुम्ही आले कधी भरवाले?"