एक मूल, एक मत

जर्मनीत सात घरांना एकत्र बसून रडायचं असेल, तरी आधी फेराइन काढावं लागतं, म्हणजे रीतसर नोंदणी केलेली संस्था. तिला घटना लागते, अध्यक्ष लागतो, आणि कोण किती वाजता आलं इथपासूनचं इतिवृत्त लागतं. सुगत रामटेकेला ही पद्धत मनापासून आवडायची. डार्मश्टाटच्या एका कंपनीत तो धातूंना भेगा का पडतात याचा अभ्यास करायचा. आणि नागपूरच्या ज्या घरात तो वाढला, तिथे पाहुण्याला चहाआधी संविधानाची उद्देशिका ऐकावी लागे. वडील ती तोंडपाठ म्हणत आणि चहा निवत असे.

सुगतच्या मुलीच्या, अन्वीच्या, आजाराला नाव नव्हतं, नंबर होता. अख्ख्या देशात तसली सात मुलं सापडली. फेराइनला कायद्याने किमान सातच सभासद लागतात.

"योगायोग बघ," सुगत म्हणाला.

"हो ना, नशीबच काढलंय आपण," कीर्ती म्हणाली. ती त्याची बायको, आणि मोजकंच बोलणारी.

घटना अर्थातच सुगतने लिहिली. चौदा कलमं. कलम चारचा त्याला विशेष अभिमान होता: मत फक्त त्या घराला, ज्या घरात आजारी मूल आहे. औषध कंपन्यांचे गोडबोले आत शिरू नयेत म्हणून. आईबाप दोघं आले तरी मत एकच, कारण ते मुलाचं. एक मूल, एक मत. कलम नऊ त्याहून कडक: सभासदत्व संपलं, की त्या मुलाची सगळी माहिती संस्थेच्या नोंदवहीतून नव्वद दिवसांत पुसायची. खाजगी माहितीच्या बाबतीत जर्मन माणूस देवालाही सही मागतो, तेव्हा हे हवंच. याच नोंदवहीच्या आधारावर बॉनच्या डॉक्टर लेम्के बाई या आजाराचा अभ्यास करत होत्या. अशी नोंदवही जगात दुसरी नव्हती.

मसुदा कीर्तीने अन्वीला मांडीवर घेऊन वाचला.

"एक गोष्ट राहिलीय."

"काय?"

"तुला माहितीय काय."

"ते पुढच्या दुरुस्तीत बघू," सुगत म्हणाला.

त्याच्या घटनेत बाहेर पडायला एकच दार होतं: मूल बरं होणं. त्या दारातून जाणाऱ्यांसाठी त्याने निरोपाचं पत्रही लिहून संगणकात घालून ठेवलं होतं. आपण होऊन जाईल असं.

मग चार वर्षं सभा झाल्या. केक असायचा, कॉफी असायची. मतदान आलं की कीर्ती अन्वीचा हात मनगटाशी धरून वर करायची. अन्वीचा हात आपला आपण वर जात नसे. तिला तो प्रकार फार आवडायचा. ठराव कोणताही असो, हात वर गेला की खुदकन हसायची. अध्यक्ष फ्राऊ होल्त्स दोनदा मोजायच्या, मुद्दाम.

फेब्रुवारीत अन्वी गेली. साडेसहा वर्षांची होती. नागपूरहून आजी, अंजनाबाई, व्हिडिओवर त्रिशरण म्हणत होत्या. आवाज दोन सेकंद उशिरा पोचत होता, त्यामुळे प्रत्येक शरण दोनदा जावं लागलं.

बाराव्या दिवशी सुगतने नोंदवही उघडली. सचिव तोच. सभासदत्व संपल्याच्या रकान्यात अन्वी गेल्याची तारीख घातली आणि बटण दाबलं. मिनिटभरात त्याच्याच फोनवर पत्र आलं, त्यानेच लिहिलेलं:

"प्रिय रामटेके कुटुंबीय, तुमचं मूल आता आजारी नाही, याचा आम्हा सर्वांना अत्यंत आनंद आहे. तुमचं सभासदत्व आज संपत आहे. नव्वद दिवसांनी अन्वीची माहिती पुसली जाईल. पुढील निरोगी आयुष्यासाठी शुभेच्छा."

त्याने ते शेवटपर्यंत वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मग फोन केला जयंतला. जयंत उंटरश्लाइसहाइमला असायचा, गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनियर. त्याचा मुलगा हृषिकेश हे सातातलं दुसरं मराठी मूल. एरवी दोन मराठी माणसं एका संस्थेत म्हणजे दोन गट. पण इथे भांडायला दोघांकडेही ताकद नव्हती.

"अरे मग तारीख काढून टाक की," जयंत म्हणाला. "रिकामा ठेव रकाना. कोण बघतंय?"

"म्हणजे कागदावर अन्वी…"

"असू दे ना जिवंत. तुझं काय जातंय, सुगत?"

सुगतने तारखेवर बोट ठेवलं. पुसायला फक्त एकदा दाबायचं होतं. त्याने तिथेच बसून बराच वेळ काढला. कीर्ती मागे येऊन उभी राहिली होती, ते त्याला नंतर कळलं. तिने पत्रही वाचलं होतं.

"लेम्के बाईंना विचार," ती एवढंच म्हणाली.

लेम्के बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हेर रामटेके, तारीख काढू नका. बाकी सहा मुलांची नोंद अर्धी आहे. पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण अशी एकच आहे माझ्याकडे." आणि लगेच, "माफ करा. मी हे असं बोलायला नको होतं."

"नाही," सुगत म्हणाला. "बरोबर आहे. गेनाऊ." आयुष्यभर त्याला कामं अर्धवट टाकणाऱ्यांचा राग होता.

तारीख राहिली. मग राहिलेलं कलम लिहायला तो बसला. दोन संध्याकाळ बसला. चौदा कलमं लिहिलेल्या माणसाला पंधरावं सुचेना. शेवटी कीर्तीने भांडी घासता घासता सांगितलं आणि त्याने उतरवून घेतलं: "मूल गेलं, तरी घर सभासद राहील. मूल मोजलं जाईल."

"आणि ते पत्र?"

"काढलं."

"चार वर्षं होतं?"

"हो."

"वेडा आहेस," ती म्हणाली, आणि नळ मोठा केला.

एप्रिलमध्ये खास सभा झाली. सहा हात वर गेले. सुगतला मत नव्हतं, त्याने इतिवृत्तात लिहिलं, "उपस्थित सभासद सहा. पाहुणे दोन." फ्राऊ होल्त्स म्हणाल्या, असं नका लिहू. त्याने तसंच लिहिलं. नव्वद दिवस भरायला चार उरले असताना संस्थांची नोंद ठेवणाऱ्या न्यायालयाचं पत्र आलं, दुरुस्तीची नोंद झाली. अन्वीची माहिती राहिली. मतही राहिलं.

सप्टेंबरात बॉनला नेहमीची सभा भरली. केक होता. विषय क्रमांक पाच: पुढची सभा कासेलला घ्यावी का? फ्राऊ होल्त्सनी मोजायला सुरुवात केली. जयंतचा हात वर, बाकीच्या पाचांचा वर. मग त्या सुगत-कीर्तीकडे पाहत थांबल्या.

कीर्तीचा उजवा हात मांडीवर होता, मनगट धरल्यासारखा अर्धा मिटलेला. सुगतने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मत दोघांचं नव्हतंच कधी. कासेल वाईट गाव आहे असंही नव्हतं.

फ्राऊ होल्त्सनी दोनदा मोजलं.

सुगतने पेन उचललं आणि लिहिलं: "बाजूने सहा. विरोधात कोणी नाही. तटस्थ एक."