दोन बुश आणि एक जावई

फिटरची बायको जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत त्याला काय काय जमणार नाही, याची यादी त्याच्याशिवाय सगळ्यांना पाठ झाली होती. एकट्याने राहणं जमणार नाही. गॅस बंद करायचं लक्षात राहणार नाही. आणि मागच्या शेडमधली ती लोखंडी भाग दाबून बसवायची प्रेस, तिच्यात एखाद्या दिवशी हातच जायचा. ही शेवटची काळजी जावयाची. जावई मोठ्या कंपनीत होता. तो नेमकं काय करतो ते फिटरला बारा वर्षांत कळलं नव्हतं. दुसऱ्यांनी काय करावं ते सांगतो, एवढं कळलं होतं.

तर ठरलं असं, की रविवारी एक गॅरेजवाला येऊन प्रेस नेणार आणि महिनाअखेर फिटर लेकीच्या मागच्या खोलीत राहायला जाणार. खोलीला खिडकी होती. ती जिन्यात उघडायची.

त्या रविवारी लेक-जावई सामान बांधायला आले, ते गाडी दुभाजकावर चढवूनच. पुढच्या चाकामागे खडखड वाजायला लागलं. जावयाने फाटकातच जॅक लावला, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, स्पेअरपार्टच्या दुकानातून दोन्ही चाकांचे नवे बुश आणले आणि ब्रॅकेट खोललं. हातभर लोखंड, त्याला दोन गोल डोळे, आणि डोळ्यांत दाबून बसवलेले रबरी बुश. फिटर स्वयंपाकघरात चहा ठेवत होता. त्याने हातोड्याचे घाव मोजले. एकोणिसाव्याला तो बाहेर आला.

"बाबा, नव्वद टक्के काम झालंय," जावई म्हणाला. "फक्त बुश आत जात नाहीत. मालच चुकीचा दिलाय."

फिटरने ब्रॅकेट हातात घेतलं. जुनं रबर जाळून काढलेलं, एका डोळ्याची कड चेपलेली, आणि दोन्ही नवे बुश तेलाने न्हालेले.

"तेल कशाला, जावईबापू?"

"सरकायला. साधी गोष्ट आहे."

"तेलाने रबर फुगतं. आता हे दोन दाराखाली सारायला ठेवा."

नशिबाने दुसऱ्या चाकाचे दोन बुश डब्यात कोरडे होते. पण आज गॅरेजं बंद, जावयाची उद्या सकाळी मीटिंग, आणि गाडी फाटकात अधांतरी.

"प्रेस आहे ना मागे," लेक म्हणाली. जावयाने बुशांचा डबा उचलला आणि तिघं मागच्या शेडमध्ये गेली.

फिटरने ब्रॅकेटला रॉकेल लावलं, पुसलं आणि वरून खडू घासला. चीर असती तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवून गेलं असतं. खडू पांढराच राहिला. मग चेपलेली कड त्याने कानशीने सारखी केली आणि न बघता मागे हात केला. "फेस."

तीस वर्षं त्या हातात साबणाच्या फेसाची वाटी यायची. आज हात तसाच राहिला. फिटरने तो हळूच मागे घेतला आणि पँटला पुसला. लेक उठून घरात गेली, बऱ्याच वेळाने वाटी घेऊन आली.

"पातळ झालाय," फिटर म्हणाला. "तुझी आई घट्ट करायची."

"शिकेन."

पहिला बुश फेसावरून गुपचूप आत गेला. दुसरा अर्ध्यावर असताना फाटकाबाहेर टेम्पो थांबला. गॅरेजवाला जॅकवरच्या गाडीला वळसा घालून आत आला. "प्रेस न्यायला आलोय."

फिटरने दांडा सोडला. "न्या. जावईबापूंचा शब्द आहे. बुश अर्धा गेलाय, तेवढा उपसून देतो."

"अहो, थांबा की," जावई म्हणाला. "एवढं होऊ दे."

"आणि दुसऱ्या चाकाचे? ते इथे लागले, इथले तुम्ही तेलात घातलेत. पुढच्या रविवारी नवे बसवायला लागतील."

गॅरेजवाल्याने कानशीच्या खुणेवर बोट फिरवलं. "हे कुणी ठोकलं?"

लेकीने फेसाळ बोट नवऱ्याकडे केलं.

"हात यांचे असे, आणि प्रेस म्हाताऱ्याकडून काढून घेताय होय?"

"टेम्पो परत न्या, दादा," लेक म्हणाली. "प्रेसही इथेच राहील आणि बाबाही."

"आपण घरी बोलू," जावई म्हणाला.

"बोललोय आपण. चार महिने तुम्हीच बोलताय."

दुसरा बुशही बसला आणि ब्रॅकेट चढलं. जावई मोठ्या जोमाने बोल्ट आवळायला लागला. फिटरने पाना धरला. "आत्ता नाही. आधी जॅक काढा, गाडी आपल्या वजनावर उभी राहू द्या. लटकत असताना आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं, महिन्यात फाटतं."

"व्हिडिओत हे नव्हतं."

"व्हिडिओवाल्याला पुढच्या महिन्यात गाडी चालवायची नव्हती."

गाडी खाली उतरली, आणि फिटरला एकदम चहा आठवला. तो धावतच स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद होता. काळंठिक्कर पडलेलं भांडं मोरीत पाण्यात बुडवून ठेवलं होतं. साबणाची वडी शेजारीच, अजून ओली.

"बाबा," लेकीने बाहेरून हाक मारली, "हे विचारतायत, चहाचं काय झालं."

"पावडर संपलीये म्हणावं."

"तेच सांगितलं मी," लेक म्हणाली.