पाहुण्यांची बाकं

"ती सर्व्हिस करेल तेव्हा तिच्या समोरच्या टोकाला बस. सेट संपून बाजू बदलल्या की तूही ऊठ आणि दुसऱ्या टोकाला जा. ओरडू नकोस, हात हलवू नकोस. तिनं मान वर केली की तू दिसायला हवास. बास."

माझी भावजय कॉरिन नवऱ्याला हे म्हणाली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा त्यांची लेक मार्नी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात नुकतीच आली होती, आणि पहिल्याच सामन्यात डेल्मरनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, इतका आरडाओरडा केला की पंचांनी त्याला दाराबाहेर उभं केलं. पुढे कॉरिन आजारात गेली. मी भावाच्या घरी राहायला आले. लेकीचे केस विंचरणं, डबा, शाळा हे आम्ही दोघांनी चुकतमाकत निभावलं. पण सामन्याला समोर बसणं डेल्मरनं कधी चुकवलं नाही. तो बसायचा, बाजू बदलली की उठायचा, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत, "माफ करा हं, माफ करा," असं पुटपुटत पलीकडे जायचा.

पलीकडे म्हणजे पाहुण्यांची बाकं. त्यामुळे दर दुसऱ्या सेटला हा माणूस प्रतिस्पर्ध्यांच्या आईबापांत जाऊन बसलेला असे. आधी लोक चमकायचे. मग कुणीतरी सरकून जागा करून द्यायचं, कुणीतरी शेंगदाण्याची पुडी पुढे करायचं. मार्नी डोंगरापलीकडे समुद्राकाठच्या ऑल्डर बे विद्यापीठात खेळायला गेली, आणि वर्षभरात ते विद्यापीठ ज्या गटात खेळायचं त्यातल्या झाडून सगळ्या कॉलेजांचे आईबाप त्याला नावानं ओळखू लागले. "डेल्मर आला, सरका रे," असं म्हणत.

मार्नीच्या शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरात आम्ही ऑल्डर बेच्या क्रीडागृहाबाहेर ट्रकचं मागचं फळकूट पाडून उभे होतो. सामन्याआधी दोन्हीकडच्या आईबापांनी तिथं एकत्र जेवायचं, यजमानांनी गरम आणायचं, पाहुण्यांनी गोड आणायचं, ही आमची जुनी रीत. आमच्या टेकड्यांवर मसूर उदंड पिकतो. डेल्मरनं पहाटे उठून मसुराचं सूप केलं होतं आणि मोठं पातेलं टॉवेलात गुंडाळून घाटातून सांभाळत आणलं होतं.

"लू, वाजले किती?"

"बघायची गरज नाही. कुणी येणार नाहीये, डेल्मर."

"वाट चुकले असतील."

"अरे, ते ओहायोहून विमानानं आलेत. नुसत्या मुली आणि त्यांचे प्रशिक्षक. आईबाप कसे येतील एवढ्या लांब?"

 झाकण उघडून त्यानं सूप ढवळलं आणि पुन्हा झाकलं.

बातमी तशी वसंतातच आली होती. ऑल्डर बे आपला जुना गट सोडून पूर्वेकडच्या मोठ्या गटात चाललं होतं. कारण फुटबॉल, फुटबॉलचे सामने टीव्हीवर जास्त दिसावेत म्हणून. फुटबॉल निघाला की त्याच्यामागून पोहणारे, धावणारे आणि आमच्या मुलीही निघाल्या. जुन्या गटातल्याच, आमच्या टेकड्यांकडच्या टकॅनन कॉलेजला तर त्या मोठ्या गटानं बोलावलंच नाही. त्यांनी मग कुठल्याच गटात जायचं नाही असं ठरवलं. जो खेळायला तयार होईल त्याच्याशी खेळायचं. लग्नघरातल्या परक्या पाहुण्यासारखी त्यांची गत झाली होती.

चर्चच्या तळघरात रविवारच्या न्याहारीला ऑर्व्हिलनं, आमच्या शेजारच्या गहूवाल्यानं, डेल्मरला टोमणा मारलाच होता.

"काय रे, आता विमानच घे एखादं. तुझा गॅसचा टँकर पेन्सिल्व्हेनियापर्यंत जायचा नाही."

"घेतो की. तुझ्या शेतात उतरवीन. तसंही तिथं गव्हापेक्षा तणच जास्त आहे."

सगळे हसले. डेल्मरही हसला. पण पॅनकेकवर पाक ओतत होता तो ओततच राहिला, पाक ताटलीच्या कडेवरून मेजावर ओघळला तरी त्याला भान नव्हतं.

विमानाचं त्याच्या मनात आलं नसेल असं नाही. पण सामने आठवड्याच्या मधल्या वारी, देशाच्या त्या टोकाला. आणि ऑक्टोबरात थंडी उतरली की शेतघरांच्या गॅसच्या टाक्या रिकाम्या व्हायला लागतात. त्या भरणारा डेल्मरसारखा माणूस तेव्हा रजा मागू शकत नाही. कुणाच्या घरात तान्हं मूल असतं, कुणाची म्हातारी आई.

ओहायोवाल्यांच्या त्या सामन्यात दुसऱ्या सेटला तो उठला, पलीकडे गेला. पाहुण्यांची बाकं पार वरपर्यंत मोकळी. ऑल्डर बेच्या हिरव्या शर्टातला माझा भाऊ तिथं मधोमध एकटा बसला. दारावरचा मुलगा लगबगीनं गेला.

"साहेब, तुमच्या लोकांची बाजू तिकडे आहे."

"माहीत आहे रे. पुढच्या सेटला तिकडेही जाणार आहे."

मार्नीनं चेंडू हातात घेतला, मान वर केली, आणि सर्व्हिस केली. चेंडू असा गेला की समोरच्या मुली बघत राहिल्या.

परतताना पातेलं तसंच भरलेलं होतं. घाटात मी जपमाळ काढली. एरवी तो म्हणायचा, "चालू दे लू, तुझी माळ आणि माझे ब्रेक." त्या दिवशी तो म्हणाला, "बाहेरच्या सामन्यांना तिच्यासमोर कोण बसणार गं?"

मी माळ ओढत राहिले. 

पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅन्विक कॉलेजशी सामना होता तो बुधवार. मार्नीनं कॉम्प्युटरवर सामना कसा लावायचा ते फोनवर समजावून दिलं होतं. डेल्मर कामावरून लवकर सुटून आला, आंघोळ केली, हिरवा शर्ट घातला. मी संध्याकाळच्या प्रार्थनेहून परतले तेव्हा तो पडद्यासमोर खुर्चीत ताठ बसला होता, जणू तिकडून तो दिसणार होता.

"तासभर आधीच लावून ठेवलं," तो म्हणाला. "सातचा सामना. अजून जाळं बांधतायत बघ."

मी जवळ जाऊन पाहिलं. बाकं रिकामी. दोन माणसं खांबांपाशी वाकलेली. एक जण फरशी पुसत होता.

"डेल्मर," मी म्हटलं, "ते जाळं बांधत नाहीयेत. सोडतायत."

पूर्वेकडे घड्याळ तीन तास पुढे असतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पण जुन्या गटातलं प्रत्येक गाव आमच्याच घड्याळावर चालायचं. मार्नीच्या आयुष्यातला प्रत्येक सात वाजताचा सामना आमच्या सातला झाला होता. तो पडद्याकडे बघत राहिला. ती माणसं जाळं गुंडाळून घेऊन गेली आणि दिवे एकेक करून मालवले गेले.

तेवढ्यात फोन वाजला.

"डॅड! पाहिलंस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलला असता तर मी काही बोलले नसते.

"नाही गं पोरी. घड्याळात चुकलो. सगळाच चुकला."

 ती म्हणाली, "जिंकलो आम्ही."

"अरे वा! शाब्बास!"

"हो. पण पहिल्या सेटला माझ्या सगळ्या सर्व्हिस जाळ्यात. मला माहीत होतं समोर कुणी नसणार. तरी मान वर जायचीच. रिकामं बाकडं बघितलं की हातच जड व्हायचा. आणि मग डॅड, एक बाई येऊन बसली तिथं."

"कोण बाई?"

"त्यांच्यातली. त्यांच्या संघाच्या किरमिजी शर्टातली, एका खेळाडूची आई. बाजू बदलल्या तर तीही उठून इकडे आली. तुझ्यासारखीच, सगळ्यांना धक्के देत! नंतर मला विचारते, 'बाळ, कुणाला शोधत होतीस?' मी सांगितलं. तुझा नंबर दिलाय तिला. ती फोन करेल. नीट बोल हां. नुसतं हं-हं करत बसू नकोस."

"हं," डेल्मर म्हणाला.

रविवारी चर्चमधून, मिस्सा आटोपून परतलो आणि तिचा फोन आला. नाव रोझेल, काम इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. आवाज असा खणखणीत की डेल्मरनं फोन कानापासून लांब धरला आणि मला सगळं आपोआप ऐकू आलं.

"तुम्हीच का ते समोर बसणारे?"

"हो बाई. तुमचे आभार कसे मानू..."

"आभार राहू द्या. तुमची पोर अशी बघत होती हो, गाडीतून उतरल्यावर आपल्याला न्यायला कोण आलंय ते बघावं तशी. मला बसवेना. आमची माणसं ओरडली, 'रोझेल, फितूर झालीस काय!' म्हटलं, लेकरू आहे, गप बसा. मग तुमच्या लेकरानं आम्हालाच हरवलं. आता आठवडाभर मला कुणी कॉफी पाजत नाहीये."

डेल्मर मोठ्यानं हसला. कितीतरी दिवसांनी.

"एक विचारू का?" तिचा आवाज थोडा उतरला. "आमच्या मुली नोव्हेंबरात तुमच्याकडे येतायत. टकॅनन म्हणून कुठलंसं कॉलेज. त्यांना म्हणे गटच नाही."

"नाही. एकटे पडलेत बिचारे."

"नकाशावर बघितलं मी. तुमच्या गावापासून अर्धं बोट."

"अर्धं बोट म्हणजे टेकड्यांतून दीड तास, बाई."

"मला अख्खा देश ओलांडावा लागेल, आणि रजा नाही. माझी लेक किआ वर नाही हो बघत. म्हणते, 'मम्मा, मला नाही लागत कुणी.' पण सर्व्हिसआधी डावा कान चोळते. तो चोळला की मी ओळखते, कुणीतरी लागतंय."

"मी काय करायचं?"

"काही नाही. तुम्हाला येतं तेच."

"बसेन," डेल्मर म्हणाला. "शब्द दिला."

त्या रात्रीपासून माझ्या रोजच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं.

नोव्हेंबरचं वेळापत्रक त्यानं नंतर पाहिलं. टकॅननचा तो सामना शुक्रवारी. आणि त्याच शुक्रवारी, त्याच वेळेला, मार्नीचा सामना, पार पूर्वेकडे. तिचं शेवटचं वर्ष. यापुढचे सामने बोटांवर मोजण्याइतके. आता तर त्याला घड्याळाचा हिशोबही नीट जमत होता. ब्रॅन्विकनंतर त्यानं पडद्यावरचा एकही सामना सोडला नव्हता.

दोन दिवस त्यानं कामातच घातले. टँकर धुतला, पुन्हा धुतला. मी विचारलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला टोचत नाही. माणूस देवाशी बोलत असेल तर मध्ये पडू नये. शेवटी त्यानं मार्नीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, अडखळत, अपराध्यासारखं.

"मग त्यात विचारायचं काय, डॅड?" ती म्हणाली.

"तुझा सामना चुकेल."

"तू पडद्यासमोर बसतोस तेव्हा मला थोडाच दिसतोस!" मग हळू आवाजात, "मला चालतंय आता. म्हणजे... चालत नाही. पण खेळते मी. तिच्यासाठी जा तू."

त्यानं फोन ठेवला.

"मार्नीचा सामना मी बघते," मी म्हटलं. "आणि ओरडावंसं वाटलं तर ओरडेन. घरातून बाहेर काढायला पंच नाहीत."

शुक्रवारी दुपारी तो कपाटासमोर उभा होता. कपाट सगळं हिरवं. हिरवे शर्ट, हिरव्या टोप्या, हिरवं जाकीट.

"हे घालून कसं जायचं?" तो म्हणाला. "त्या पोरीला वाटेल कुणीतरी भलताच आलाय."

मी माझं किरमिजी स्वेटर काढून दिलं. बायकी, बटणं उलट्या बाजूची. त्याच्या खांद्यांत ते तट्ट बसलं आणि बाह्या मनगटाच्या वीतभर वरच संपल्या. त्यानं आरशात बघितलं.

"कसा दिसतो?"

"दिसतोस," मी म्हटलं. "लांबूनसुद्धा दिसशील."

त्यानं एकेक बटण लावलं, पार गळ्यापर्यंत, आणि निघाला.

खिडकीतून आमच्या रस्त्याचं टोक दिसतं, धान्याच्या कोठारापाशी. उजवीकडचा रस्ता घाटाकडे आणि समुद्राकडे जातो, डावीकडचा टकॅननकडे. कापणी झालेल्या टेकड्यांवर ऊन उतरत चाललं होतं. ट्रक तिथं थांबला. दोन्ही बाजूंना एकही गाडी नव्हती. वळण दाखवणारा उजवीकडचा दिवा लुकलुकला, सवयीनं. थोडा वेळ लुकलुकत राहिला. मग तो विझला, डावीकडचा लागला, आणि ट्रक सावकाश वळला.